घडीच्या दस्त्याची पिन

सांडोर, वसई
रविवार, दुपार

प्रिय जीना,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मम्मीला ‘डॅडी जेवले का’ एवढंच विचारतेस आणि मी बाजूला बसून मुद्दाम मोठ्याने खोकतो, असं चार महिने चाललंय. फोन हातात घेतला की मी ओरडतो, हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो. नाताळात तू म्हणालीस, पुण्याला नोकरीला जाण्यापेक्षा मला आपल्या वर्कशॉपमध्ये घ्या. तेव्हा मी गिऱ्हाइकांसमोर हसलो. म्हणालो, नखं खराब होतील तुझी. पुढच्या आठवड्यात तू बॅग भरलीस आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलली नाहीस. तू पुन्हा बोलावंस, एवढंच मला हवंय. पण आधी एका रायफलची गोष्ट ऐक.

नायगावच्या मालिकेच्या सेटला आपण लाकडालोखंडाच्या खोट्या बंदुका पुरवतो ना, त्यातली व्हिलनची एक रायफल आहे. तिचा दस्ता घडीचा. झटका दिला की उघडतो, मग तो खांद्याला टेकवून नेम धरायचा. त्या दस्त्याच्या बिजागरीची पिन ढिली झाली. मी काय केलं असेल? कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, पिनेला गुंडाळली, दिली ठोकून. तीस वर्षं हेच करत आलोय. पहिल्या शॉटला टिकली. दुसऱ्या शॉटला व्हिलनने दात-ओठ खाऊन हिरोवर नेम धरला आणि दस्ता आपोआप मिटून त्याच्याच बोटांवर आपटला! अख्खं युनिट पोट धरून हसलं, व्हिलन सोडून. सेटचं सामान सांभाळणारा कुशल मला बाजूला घेऊन म्हणाला, फ्रेडरिक अंकल, शनिवारपर्यंत नीट झाली नाही तर सगळं काम दुसऱ्याला देतो. माझं डोकं फिरलं. घरी येऊन पिनेला वेल्डिंगचा टाकाच मारला. आता पिन हलेना, पण दस्ताही उघडेना. मग टाका घासून काढत बसलो आणि तुझ्या मम्मीवर उगाच खेकसलो.

ती म्हणाली, मुलगी यंत्रांचं एवढं शिकलीय, विचारा की तिला. मी म्हटलं, मेलो तरी विचारणार नाही. मग तिनेच तुला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि मी शेजारी वही-पेन्सिल घेऊन गुपचूप बसलो. हो, गुरुवारचा तो फोन. मम्मीने तुला स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या बिजागरीचं विचारलं. अगं, आपल्या कपाटाला सरकती दारं आहेत! बिजागरी कुठून आणली तिने, देव जाणे. तुला तेव्हाच कळलं असणार. तरी तू वीस मिनिटं शांतपणे समजावत राहिलीस. भोक घासून अंड्यासारखं लांबट झालं असेल तर पिन कितीही ठोका, पुन्हा ढिलीच होणार. बिजागरीचे दोन्ही कान एकत्र पकडून, भोक रुंद करायच्या रीमरने ते गोल करा, मग त्याच मापाची जाड पिन लेथवर काढा, फिरेल पण डुगडुगणार नाही अशी. आणि फोन ठेवताना म्हणालीस, मम्मी, घाई नको म्हणावं, आणि चष्मा लावायला सांग. कोणाला सांग, ते नाही बोललीस. मी उठून घरामागच्या केळीच्या बागेत गेलो आणि रडलो, खरं सांगतो.

शुक्रवारी चष्मा लावून बघितलं तर भोक अगदी तू म्हणालीस तसं. इतकी वर्षं मी बिचाऱ्या पिनेलाच शिव्या घालत होतो. तुझ्या सांगण्याप्रमाणे एकेक केलं, दोनदा वही उघडून बघितलं. काल सेटवर व्हिलनने तीस-चाळीस वेळा दस्ता उघडला-मिटला, जरासुद्धा आवाज नाही. त्याला तो चाळाच लागला. कुशल एकदम खूश. म्हणाला, सगळ्या बंदुकांची वर्षभराची देखभाल तुम्हीच घ्या, पण काम याच हाताचं पाहिजे, कोणी केलंय हे? मी म्हटलं, मीच, आणखी कोण. तोंडातून निघून गेलं बघ. मम्मीला सांगितलं तर तिने भाकरी जोरजोरात थापायला घेतली.

आज चर्चमध्ये मिस्सेत माझं लक्षच नव्हतं. संपल्याबरोबर स्कूटर काढली, घरीसुद्धा न येता नायगावला गेलो आणि कुशलला सांगितलं, हात माझे होते, अक्कल माझ्या मुलीची. लाज वाटली, पण बरंही वाटलं. त्याने विचारलं, मग मॅडम कधीपासून येणार? नेहमीसारखं ‘उद्यापासून’ म्हणणार होतो, तेवढ्यात जीभ चावली. म्हटलं, तिला विचारून सांगतो. त्यासाठीच हे पत्र. पुण्याची नोकरी सोड, असं मी म्हणणार नाही. तू नाही म्हणालीस तरी तिथे सांगितलेलं तुझं नाव मी मागे घेणार नाही. पण यावंसं वाटलं, तर माप तू काढायचंस, लेथ तू चालवायचंस आणि तुझ्या हाताखाली मी. विचारतोय, पोरी. येशील?

तुझाच,
डॅडी