पहिला शब्द

सोमवार
आले एकदाची. खोली झकास आहे. खिडकीत ऊन, धुतलेली चादर, कपड्यांना वेगळी खुंटी. घरामागे यांचीच लाकडाची वखार आणि भुशाची भट्टी, करवत दिवसभर ओरडते. ओरडू दे, बालरोगाच्या वॉर्डात मी याहून मोठे आवाज ऐकलेत. माझं काम एकच, बिट्टी. तेरा वर्षांची, लहानपणापासून फिट्स येतात. मला लगेच बाई म्हणायला लागली. वडील वखारीत, आई अबोल. घर चालवते ती आत्या, बिट्टीच्या वडिलांची मोठी बहीण. तिने आल्या आल्या माझी बॅग उपसली. म्हटलं, बघा, अगदी तळापर्यंत बघा. घरात आरसा मात्र एकही नाही. वेणी अंदाजाने घातली.

बुधवार
आज फिट आली. आई हात दाबून धरायला धावली, आत्या दातांत चमचा घालायला. दोघींना बाजूला काढलं. पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी दिली, नजर घड्याळावर ठेवली. दोन मिनिटांत थांबली. शुद्धीवर येताना 'पंखा' असं पुटपुटली. संध्याकाळी बघते तर पंखा छतावरून गायब.

आत्याने शांतपणे समजावलं. डॉक्टर म्हणाले होते, फिट कशाने येते ते शोधा आणि ते टाळा. मग पोरगीच सांगते की, शुद्धीवर येतानाच्या पहिल्या शब्दात. ते घरातून पाठवून द्यायचं. आरसे असेच पाठवले, मांजरही पाठवलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी हसू कसंबसं दाबलं.

शुक्रवार
औषधाचा डबा रिकामा का, ते आज कळलं. आई कुजबुजली, मागे बिट्टी 'गोळी' म्हणाली होती, तेव्हापासून गोळ्या बंद. माझं टाळकंच सरकलं. या गोळ्या अशा एकदम तोडल्या की एखादी फिट थांबतच नाही, पोर हातची जाते. हे आत्याला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, पोरीला सांभाळायला ठेवलंय, घराला शिकवायला नाही.

दुपारी बाहेर पडून डॉक्टरांना फोन केला. गोळ्या आणल्या, आणि फिट लांबली तर नाकात मारायचा फवारा.

मंगळवार
गोळ्या गुपचूप चालू आहेत. फिट नाही. बिट्टी माझ्या चालण्याची नक्कल करते, द्वाड कार्टी. लळा लागलाय तिचा.

तिच्या खोलीत आणखी एक खाट आहे. कुणाची, विचारलं. आई म्हणाली, दादाची. कुठे असतो, तर आईने मान खाली घातली. आत्या म्हणाली, त्याला पाठवलं. मांजराबद्दल बोलली होती त्याच आवाजात.



शनिवार
आत्याला गोळ्या सापडल्या. सगळ्या वखारीच्या भट्टीत टाकल्या, वर म्हणाली, पाठवल्या. फवारा माझ्या खिशात होता म्हणून वाचला. उद्या पोरीला घेऊन निघायचं, मग जे होईल ते होवो. पण फाटकाला कुलूप आहे. माझा फोनही दिसत नाहीये.

रविवार
सकाळीच फिट. मी तिला कुशीवर धरून बसले होते, तोंडासमोर तोंड. डोळे उघडले तेव्हा पहिली मीच दिसले.

बाई, म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. आईसुद्धा.

दुपार
बाहेरून कडी घातलीय. वडील येऊन माझी बॅग घेऊन गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. भीती वाटतेय. खूप वाटतेय—

भिंतीपलीकडे खाट आदळतेय. पुन्हा फिट—

पाच मिनिटं. थांबत नाहीये. फवारा इथे, माझ्याकडे— दार बडवतेय, सांगतेय, तिला कुशीवर तरी वळवा—

आई रडतेय. आत्या तिला गप्प करतेय. म्हणतेय, बाई गेली की थांबेल.

आठ—

पावलं. कडी काढतायत. मला पाठवा, कुठे पाठवायचं तिथे पाठवा, पण आधी हा तिच्या नाकात—