सर्व्हरवरची चहाची ओळ

मंगळवार, संध्याकाळ

आज कॉलेजच्या सर्व्हरवर मर्यादा घातल्या. पोरांचे प्रोग्रॅम सगळी मेमरी खाऊन बसतात आणि लॅब अडकते, म्हणून प्रत्येक युजरला किती मेमरी, एका वेळी किती प्रोग्रॅम ते ठरवून दिलं. पण आधीपासून जे चालू आहे त्याला नवी मर्यादा लागत नाही, ते बंद होऊन पुन्हा सुरू झालं तरच लागते. सर म्हणाले, "सगळ्यांना एकदा लॉगआउट करून बाहेर काढ की गं. त्यात काय एवढं?"

त्यात मिलिंद होता.

इथली नोकरी सोडून तो पुण्याला गेला, परवा निपाणीत लग्नही झालं त्याचं. मी जाऊन जेवून आले. पण त्याचा एक छोटा प्रोग्रॅम इथं चालूच होता. पलीकडच्या खोलीत बसायचा तेव्हा गंमत म्हणून लावलेला. रोज संध्याकाळी माझ्या स्क्रीनवर ओळ यायची, "चहाला येतीस न्हवं?" बंद करायचा विसरला, का मुद्दाम ठेवला? विसरलाच असणार. मीही बंद केला नाही. मेमरी तरी किती खात होता? सरांना हे कसं सांगायचं?

सगळ्यांच्या आधी त्यालाच काढला. नंतर हात धजला नसता.

संध्याकाळी स्क्रीन कोरी. चहाला येतीस न्हवं? तो होता तेव्हा या ओळीला कधी उत्तर दिलंच नाही, सरळ उठून जायची. आज पहिल्यांदा उत्तर पाठवायला गेले. त्याचं नाव टाकलं. मशीननं लगेच सांगितलं, हा युजर आत नाही.

"येते" एवढंच लिहायचं होतं.