दोनशे फेरे, चाळीस मीटर

६ जानेवारी १९६३, रविवार

दोनशे! मध्ये एकदा शिंक आली, तरी आकडा सोडला नाही. साहेब म्हणाले, शाबास.

काम असं – धरणाच्या पाण्यात नाव पुढे चालते आणि साहेबांचा गळ मागे पाण्यातून ओढत येतो. गळाला पितळेचं चकाकतं पान असतं, त्याला मासा फसतो म्हणे. दोरी जितकी जास्त सोडावी तितका गळ खोल जातो, म्हणून किती सोडली हे ठाऊक हवं. कडूबा भोई वल्ही मारतो, साहेब रीळ धरतात आणि मी रिळाचे फेरे मोजतो. सरकारनं मला कालव्याची मापं घ्यायला ठेवलंय. कालवा कोरडा, नाव ओली – एवढाच फरक.

हंगामी मोजणीदार. ३१ मार्चला मुदत संपते. कायम करायची शिफारस साहेबांच्या हातात. कायम झालो तर इथं खोली मिळेल आणि चांगुणेला आणता येईल. लग्नाला दोन वर्षं होत आली, आणि माझी बायको देऊळघाटला आईजवळ. रविवारी तरी भेट व्हायची. आता तेही गेलं. रजा मागितली तर हेडक्लार्क नारायणराव म्हणतात, चीनच्या लढाईपायी देशात आणीबाणी आहे. माशांना ती लागू नसावी.

७ जानेवारी

दिवसभर खडी मोजली. जेवताना भाकरीचे घासही मोजत होतो.

१३ जानेवारी, रविवार

साहेबांचं गणित आज कळलं. रिळाचा एक फेरा म्हणजे वीस सेंटिमीटर. दोनशे फेरे म्हणजे चाळीस मीटर. साहेब पुण्याचे, मीटरवर भारी जीव. कचेरीत कोणाच्या तोंडून फूट निघालं की वाक्य पहिल्यापासून म्हणायला लावतात.

दोरी जाताना कडूबा ती दोन बोटांत धरतो आणि वावांनी मोजतो – हात पसरले की एक वाव. साहेब चाळीस म्हणाले तेव्हा तो माझ्याकडे बघून पाण्यात थुंकला.

मासा नाही.

१५ जानेवारी

साहेब जिल्ह्याला गेले. रीळ पुसायला माझ्याकडे होतं. कडूबाला टोक धरायला लावलं, धरणाच्या भिंतीवर दोनशे फेरे सोडले आणि खात्याच्या टेपनं मोजलं. अठ्ठावीस मीटर नव्वद!

दोनदा मोजलं. तेवढंच.

मग डोक्यात प्रकाश पडला. चांगुणेच्या शिलाईच्या रिळाचंही असंच असतं. भरलेलं असताना एका फेऱ्यात वीतभर दोरा सुटतो, संपत आलं की चार बोटं. साहेब पहिल्या फेऱ्याचं माप दोनशेव्या फेऱ्यालाही लावतात.

कडूबा म्हणाला, "मी तं पह्यल्या दिवशीच म्हटलं असतं, सतरा वाव हाय. पण मले कोनं इचारलं?"

१६ जानेवारी

नारायणरावांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, दोरी कोणाची? साहेबांची. मग साहेब म्हणतील तेवढी ती लांब. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही गोष्ट मोजली नाही म्हणे, आणि एकही माप चुकलं नाही.

२० जानेवारी, रविवार

सांगितलंच. जीभ आवरली नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, इंजिनियर कोण? म्हटलं, आपण. तुम्ही कोण? म्हटलं, मोजणीदार. "मग मोजा," म्हणाले.

मोजले. दोनशे. चाळीस मीटर.

२७ जानेवारी, रविवार

लागला! शिवडा – हा एवढा, मिशाळ, तोंड उघडलं तर आत नारळ बसेल. कडूबानं आठ शेर म्हटलं. साहेबांनी दुरुस्त केलं – साडेसात किलो. साहेब लहान मुलासारखे हसत होते. खरं सांगायचं तर मलाही आनंद झाला. मी कडूबाच्या पाठीवर थाप मारली.

"बरोबर चाळीस मीटरवर!" साहेब सगळ्यांना सांगत सुटलेत. रस्त्यातल्या एस.टी.च्या कंडक्टरलाही सांगितलं.

मासा तर अठ्ठावीसावर लागला. पण मासा कुठे बोलतो.

३० जानेवारी

साहेबांनी वरच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांना पत्र धाडलं. मजकूर नारायणरावांनी टाइप केला – सदर जलाशयात मासा चाळीस मीटर दोरीवर निश्चित मिळतो, तरी तपासणीस अवश्य यावे. तीन प्रती काढल्या. एक फायलीला.

१० फेब्रुवारी, रविवार

साहेबांना पडसं. म्हणजे मला सुट्टी! देऊळघाटला जाऊन आलो.

आईनं वांग्याची भाजी केली. निघताना चांगुणा वेशीपर्यंत आली. तिथं म्हणाली, "लोक मले इचारतात, तुहा नवरा काय करते? मी सांगतो, मोजते. आन् तुमी किती रैवार आले ते मी मोजून राह्यली. एकोणीस."

दोन वर्षांत एकोणीस. माझ्या हिशोबानं जास्त होते, पण तिच्या मापावर शंका घ्यायची छाती झाली नाही. एप्रिलमध्ये खोली घेतो म्हटलं. ती म्हणाली, "नक्की?" मी हो म्हटलं. एस.टी.त बसल्यावर मुदतीचे उरलेले दिवस मोजले. ३१ मार्चचं मी कोणाच्या भरवशावर बोललो?

३ मार्च, रविवार

काय झालं ते सरळ लिहितो.

मोठे साहेब मलकापूरला आगगाडीतून उतरले, तिथून जीपनं आले. बरोबर स्वतःचं रीळ. परदेशी असावं. त्याच्या दोरीला दर दहा मीटरला वेगळा रंग! फेरे मोजायचं कामच नाही. मी नावेत नुसता बसलो, ओझ्यासारखा.

आमचे साहेब म्हणाले, चाळीस. मोठ्या साहेबांनी चौथा रंग पाण्यात जाईपर्यंत सोडली. खरे चाळीस मीटर. कडूबानं वल्ही थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिथं पाण्याखाली जुन्या बाभळी उभ्या आहेत. अठ्ठावीसावर गळ त्यांच्या वरून जातो. चाळीसावर त्यांच्यात शिरतो. मला हे समजत होतं. मी बोललो नाही.

पहिला गळ बाभळीत अडकला, तुटला. दुसरा, तोही. तिसरा मोठ्या साहेबांच्या मुलीनं विलायतेहून पाठवलेला. तोही!

किनाऱ्यावर मोठ्या साहेबांनी एकच विचारलं, पत्रातले चाळीस कोणी मोजले? साहेबांनी बोट केलं. बोट सरळ माझ्याकडे, जराही न हलता.

४ मार्च

नारायणरावांच्या टेबलावर कागद तयार. "रिळाच्या मोजणीत माझ्या हातून चूक झाली. वरिष्ठांनी वेळोवेळी दिलेल्या सूचनांकडे माझे दुर्लक्ष झाले." खाली माझं नाव, सहीला जागा. सही केली तर प्रकरण मिटेल. नाहीतर गोपनीय अहवालात 'मोजमापात अविश्वसनीय' आणि ३१ मार्चला नमस्कार. नारायणराव वाईट माणूस नाही. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, शाई वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढंच दुखतं.

उद्यापर्यंत मुदत.

संध्याकाळी कडूबा खोलीवर आला, धुतलेलं धोतर नेसून. दारातच उभा राहिला. म्हणाला, "चाला, मी येतो संगं. सायबाले सांगतो, ह्या मानसाचं माप बराबर होतं, भित्तीवर दोरी मीच धरली होती."

मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "काऊन?" मी म्हटलं, तुझी नाव बंद करतील. त्यानं खांदे उडवले. नाव त्याच्या आज्यापासूनची आहे, धरण कालचं.

मी नकोच म्हटलं. त्याच्या नावेसाठी म्हटलं असं इथं लिहिणार होतो. खोटं आहे. मला खोली हवी आहे.

५ मार्च

सही केली. नारायणराव म्हणतात तसं नाही, शाई केव्हाच वाळली.

१० मार्च, रविवार

साहेबांनी नावेत बोलावलं नाही. कडूबा घाटावर दिसला, रामराम केला नाही.

१ एप्रिल

हुकूम आला! कायम!! शिफारशीत साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय – "आज्ञाधारक, चूक मान्य करण्याची वृत्ती." साहेब हसून म्हणाले, अशीच माणसं खात्याला हवीत. खोलीची किल्लीही मिळाली. एकच खिडकी, पण कालव्याच्या बाजूला. चांगुणेला तार केली. पेढे वाटले. कडूबाकडे नेले तर त्यानं घेतले, नावेत ठेवले, खाल्ले नाहीत.

७ एप्रिल, रविवार

चांगुणेला आणलं. ती खिडकीत उभी राहून म्हणाली, "तुमचा कालवा बाप्पा किती लांब हाय!" मी तिला सगळं सांगणार होतो. उद्या सांगीन.

८ एप्रिल

कालव्याच्या काँक्रीटचं माप घ्यायला गेलो. थर नऊ सेंटिमीटर निघाला. तीन ठिकाणी खोदून पाहिलं, नऊच. मोजमापाची वही साहेबांनी सकाळीच माझ्याकडे दिली होती. उघडली तर आकडा आधीच पेन्सिलीनं लिहिलेला – पंधरा.

मी त्यावरून शाईनं गिरवलं.