डावा काठ कुणाचा?

तीर्थस्वरूप आत्यास,

दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या असल्यामुळे साष्टांग नमस्कार तूर्त जमणार नाही. तोवर हात जोडून केलेला गोड मानून घे. तुझी नवी कवळी बसली का, की अजून दिवसभर वाटीतच असते? (बाबा म्हणतात, फोनवर तू काय बोलतेस ते त्यांना हल्ली अजिबात कळत नाही, पण सवयीने ते 'हो हो' म्हणतात. तेव्हा गेल्या महिन्यात कशाला होकार घेतला असशील तर तो धरू नकोस.) इकडे आम्ही चौघंही जिवंत आहोत. एरवी हे वाक्य पत्रात लिहावं लागत नाही.

माझी पदवी हातात आल्यापासून घरात दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षात बाबा, आई, काका आणि शिलाई मशीन. दुसऱ्या पक्षात मी. बाबांचं म्हणणं, घरातली पहिली पदवी आहे, तिला बसायला खुर्ची आणि वर पंखा मिळालाच पाहिजे, आणि पाणीपुरवठा कार्यालयात कारकुनाची जागा निघालेली आहे. माझं म्हणणं, वनखात्याला नदीवाटेवर लोकांना हिंडवून आणणारे वाटाडे हवे आहेत, आणि जंगल ही चार शिकलेल्यांच्या भिंतीवरची तसबीर नसून ते सर्वांचं आहे. (हे मी जेवताना म्हटलं. काका म्हणाले, सर्वांचं आहे ना, मग सर्वांना जाऊ दे, तू भाजी वाढ.) शेवटी तह झाला. मी घरच्या तिघांना दोन दिवस नदीवाटेने वरच्या चौकीपर्यंत न्यायचं. चौघं पोचलो तर बाबा खुर्ची-पंख्याचं नाव काढणार नाहीत. नाही पोचलो तर सोमवारी मी निमूटपणे कारकुनाचा अर्ज भरायचा. म्हणून तर तुझ्याकडून तंबू मागवला होता. (तंबूविषयी पुढे येईलच. तोवर मन घट्ट कर.)

मी प्रत्येकाला सामानाची यादी लिहून दिली होती आणि ती प्रत्येकाने घरी नीट जपून ठेवली. आईने घरातली मोठी उशी आणली, कारण परक्या उशीवर तिची मान धरते. जंगलात परकी उशी कुठून येणार, हा प्रश्न मी विचारला नाही. बाबांनी सुयांचा डबा आणला आणि गळ्यात मापाची टेप तशीच ठेवली. काका प्लंबर असल्यामुळे त्यांनी मोठा पाना घेतला आणि नदी दिसल्यावर बराच वेळ काळजीने तिच्याकडे बघत राहिले. इतकं पाणी रात्रंदिवस वाहून जातंय आणि वर कुणी बघायला नाही, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही.

आता मुद्द्याचं. खात्याच्या माहितीपुस्तिकेत पहिलंच वाक्य आहे: 'पुलापासून नदीच्या डाव्या काठाने वर जावे.' मी पुलावर उभी राहिले, वरच्या अंगाला तोंड केलं आणि डावा हात पुढे केला. तेवढ्यात बाबांनी विचारलं, डावा म्हणजे कुणाचा? आत्या, तो क्षण मला आता आठवतो तेव्हा पुस्तिका तोंडावर घेऊन झोपावंसं वाटतं. तेव्हा मात्र मला वाटलं, हेच ते अज्ञान, याच्याशीच आपल्याला आयुष्यभर प्रेमाने लढायचं आहे. मी मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की बाबा, डावं ते डावं, त्यात कुणाचं असं काही नसतं. ते गप्प बसले. गिऱ्हाईक चुकीचं कापड पसंत करतं तेव्हा बसतात ना, अगदी तसे.

माझ्या डाव्या काठाला वाट अशी नव्हतीच. काटेरी झुडपं होती, चिखल होता आणि मोठमोठे धोंडे होते. मी म्हटलं, निसर्ग मूळ रूपात आहे. समोरच्या काठावर झाडांवर पांढरे बाण रंगवलेले दिसत होते. मी म्हटलं, ते परत येणाऱ्यांसाठी आहेत. थोड्या वेळाने त्याच काठावरून एक म्हातारं जोडपं हातात हात घालून, चपला घालून, गप्पा मारत वर जाताना दिसलं. मला त्यांची फार दया आली. मी तोंडाशी हातांचा भोंगा करून त्यांना ओरडून सांगितलं की तुम्ही वाट चुकला आहात. त्यांनी आनंदाने हात हलवला. पुढे त्यांच्या बाजूला सपाट मुक्कामाची जागा, नळ आणि संडास अशी तिन्ही सुखं एका रांगेत लागली. काका त्या नळाकडे बघून भरल्या आवाजात म्हणाले, पितळी आहे.

मुक्काम आम्ही उतारावर केला, कारण दुसरं काही नव्हतं. तंबूची एक दोरी काकांनी पान्याला बांधली आणि पाना दोन दगडांत पिळून बसवला. तो इतका पक्का बसला की तंबू सरकू लागला तेव्हा पाना जागचा हलला नाही आणि कापडच फाटलं. सकाळी आम्ही चौघंही खालच्या कोपऱ्यात एकमेकांवर होतो. सर्वांत खाली उशी होती, आणि तिच्यावर आई सोडून बाकी सगळे होते. पावाच्या पुड्यात मुंग्यांची रांग लागली होती. आई म्हणाली, यांना बरी बिनचूक वाट सापडते, आणि यातली एकही पदवीधर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा काठ संपला. समोर सरळसोट कडा, खाली खोल पाणी, आणि पाण्यापलीकडे चौकी; तिच्या दारात चौकीदार, आणि त्याच्या शेजारी चहा पीत बसलेलं ते म्हातारं जोडपं. चौकीदार ओरडला की तुम्ही उजव्या काठावर आहात. मी ओरडले की नाही, डाव्या. तो म्हणाला, उजव्या. मी पुस्तिका उंच धरून दाखवली. त्याने आतून तीच पुस्तिका आणून उंच धरली. म्हातारबुवा मध्येच काहीतरी म्हणाले, पण पाण्याच्या आवाजात फक्त 'चहा' एवढंच ऐकू आलं आणि आई रडवेली झाली.

बाबा एका दगडावर बसून गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होते. मग हळूच म्हणाले, "अगं, बाही घालणाऱ्याची असते. शिवणाऱ्याची नसते."

मला कळेना. त्यांनी मला समोर उभं केलं आणि माझा डावा हात धरला. तो त्यांच्या उजव्या बाजूला येत होता. गिऱ्हाईक समोरून येतं ना, म्हणाले, तशी ही नदी समोरून येतेय. तिचं तोंड तिकडे, खाली. डावं तिचं धरायचं, आपलं नाही. दुकानात बसून चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही उलटी बाही लावलेली नाही. पुलावरही त्यांनी तेवढंच विचारलं होतं, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

आम्ही मागे फिरलो, दोन तासांवर दगडांची रांग गाठली आणि तिच्यावरून नदी ओलांडली. (माझे गुडघे तिथेच फुटले, आईची उशी तिथेच गेली. काका म्हणाले, खाली कुठेतरी तुंबेल.) अंधार पडायच्या आत चौकी गाठली. चौकीदाराने वही काढून विचारलं, यांचा वाटाड्या कोण? तिघंही जमिनीकडे बघू लागले. मी म्हटलं, मी. वाट मीच चुकवली आणि विचारलं तेव्हा ऐकलंही नाही, हेही लिहून घ्या. मनात कारकुनाचा अर्ज भरायलासुद्धा घेतला होता. तेव्हा बाबा म्हणाले, "लिहा, चौघं निघाले, चौघं पोचले. बाही उलटी लागली होती, उसवून नीट लावली."

सोमवारी त्यांनी कारकुनाच्या अर्जाचा कागद कापून कॉलरचा नमुना केला. माप माझ्या वाटाड्याच्या गणवेशाचं आहे.

सर्वांचे तुला नमस्कार, कवळीला शुभेच्छा.

तुझी लाडकी (अजूनही असेन तर),
भाची

ता. क. खात्याच्या अर्जासोबत एका जबाबदार निवृत्त व्यक्तीचं पत्र लागतं, त्यात 'अर्जदारास दिशांचे उत्तम ज्ञान आहे' असं लिहावं लागतं. तू तीस वर्षं दवाखान्यात मुख्य परिचारिका होतीस, तुझ्याइतकं जबाबदार घराण्यात कुणी नाही. बाबा म्हणाले, आत्याला काही सांगू नकोस, नुसती सही माग. पण मला ते तत्त्वात बसेना, म्हणून आधी वरचं सगळं लिहिलं. आता सही कर.

ता. क. २. तंबू बाबांनी इतका सुंदर शिवलाय की जोड कुठे आहे ते तुला सापडणार नाही. दारही सापडणार नाही. बाबा आत बसून शिवत होते. आम्हाला ते जेवायच्या वेळी लक्षात आलं.

ता. क. ३. सही 'खाली डाव्या बाजूस' करायची आहे. डावी म्हणजे तुझी की कागदाची, हे मी खात्याला लेखी विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत दोन्हीकडे कर.