वय वर्षं बारा, महिने आठ

ता. ३ जुलै

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नाही. मी एक सांगते, तू भलतंच उत्तर देतोस. त्यापेक्षा कागद बरा.

काम तुझ्याच टेबलावरचं आहे. माझ्या फ्रेमच्या दुकानात महिनाभर एक मुलगी येते, शाळा सुटली की. पुढचे दोन मोठे दात आणि सारखी धावपळ, म्हणून मी तिला खारूताई म्हणते. चौदा वर्षांची आहे. लाकडी पट्ट्या रंगाप्रमाणे लावते, काचा पुसते, आणि कुठल्या फोटोला कुठली चौकट शोभेल हे माझ्याआधी ओळखते. परवा शेजारचा कुलूपवाला म्हणाला, की शाळकरी मुलांना कामावर ठेवायला परवाना लागतो, नाहीतर दुकानाला टाळं लागेल. त्याला टाळ्याशिवाय दुसरं सुचणार काय म्हणा! पण तू इतकी वर्षं हेच परवाने देतोस, तेव्हा एक शिक्का मारून पाठव. पाल्हाळ नको.

माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. वेळेवर जेवत जा.

तुझी
अक्का

ता. ९ जुलै

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. अक्का, शिक्का रबराचा आहे, मी नाही. अर्जाचा कोरा कागद सोबत पाठवतो. तो तुझ्याच गावच्या कार्यालयात द्यायचा, माझ्याकडे नको, कारण मी तुझा भाऊ.

अर्जाला जन्माचा दाखला, मुख्याध्यापिकांचं पत्र, आईची किंवा वडिलांची सही आणि डॉक्टरांचा दाखला जोडायचा. चौदा वर्षं पूर्ण हवीत. शाळेच्या दिवशी दोनच तास काम, तेही संध्याकाळी सातच्या आत. आणि काचेला हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही. परवाना हाती पडेपर्यंत तिला काही काम सांगू नकोस.

तू चिडशील हे ठाऊक आहे. चिडलीस तरी पत्र लिही, एवढंच मागणं.

तुझा
गुंड्या

ता. २१ जुलै

चि. गुंड्यास आशीर्वाद, तेही रागातच.

खारूताईचा दाखला पाहिला. वय वर्षं बारा, महिने आठ! एवढ्याशा पोरीनं मला बनवलं. का खोटं बोललीस म्हणून विचारलं, तर मान खाली घालून पट्ट्या लावत राहिली. मुख्याध्यापिकांना भेटले. त्या म्हणाल्या, अभ्यासात बरी आहे, कामानं काही बिघडलेलं नाही. मग सोळा महिने तिला घालवून देऊन कुणाचं भलं होणार आहे?

तू विसरलास वाटतं. अकराव्या वर्षी तू शाळा सुटली की डब्यांच्या कारखान्यात जायचास. काय झालं तुला? उलट बाबा म्हणायचे, त्यामुळेच पोरगा घडला. मी तिला घालवणार नाही. तू खात्याचा की माझा, ते एकदा ठरव.

अक्का

ता. २८ जुलै

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

काय झालं मला, असं तू विचारलंस. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगतो.

माझा डावा कान तापानं गेला, असं घरात सगळे धरून चालले. ताप आला होता खरा, पण कान त्याआधीच गेला होता. पत्रा ठोकायच्या यंत्राला लागून माझी जागा होती. मालक वाईट नव्हता, रोज स्वतःच्या डब्यातलं मला खायला द्यायचा. पण सहा महिन्यांत डावीकडून कुणी हाक मारली की मला कळेनासं झालं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले की मी शेजाऱ्याच्या वहीत बघायचो. ते काम बाबांनी शब्द टाकून मिळवून दिलं होतं. येईल त्याला ते अभिमानानं सांगायचे. त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? मग ताप आला आणि मला निमित्त मिळालं. बाबा गेल्यावर आईसाठी गप्प बसलो. पुढे गप्प राहण्याचीच सवय झाली.

तुझं दुकान म्हणजे तो कारखाना नव्हे, हे मला कळतं. पण माझ्या टेबलासमोर येणारा जवळपास प्रत्येक मालक भला माणूसच असतो, अक्का. म्हणून मी आधी दाखला बघतो आणि मग माणूस.

एकच कर. ती खोटं का बोलली, हे तिच्या घरी जाऊन विचार.

माया कमी करू नकोस.

गुंड्या

ता. १४ ऑगस्ट

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा धीर झाला नाही. लक्ष नसतं, हाकेला ओ देत नाही, म्हणून मी तुला किती टोचून बोलले असेन! आता माफी मागायचीही लाज वाटते. तरी मागते.

तू म्हणालास तशी खारूताईच्या घरी गेले. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई दवाखान्याच्या धुलाई विभागात कामाला, आठ वाजता सुटते. शाळेतून आल्यावर पोर एकटी. तिला पगाराचं काही नव्हतंच रे. दिवे लागलेली, माणसाचा आवाज असलेली जागा हवी होती. परक्या दुकानात नुसतं बसू कोण देणार, म्हणून काम मागितलं, आणि बाराव्या वर्षी काम मिळत नाही म्हणून वय वाढवलं. आईला वाटत होतं, पोर घरी अभ्यास करत बसते. ऐकून ती माऊली खालीच बसली.

मी सांगून टाकलं, की काम बंद, बसायला मात्र रोज यायचं. आता दाराजवळच्या टेबलाशी, काचांपासून लांब, ती दप्तर उघडून बसते. कामावरून सुटली की आई येऊन घेऊन जाते. पट्ट्या मीच लावते आणि रंग चुकले की तिची बोलणी खाते.

काल तुमच्या खात्याचा निरीक्षक आला. इथं काय काम करतेस, असं त्यानं तिला विचारलं, तर ती तक्रारच घेऊन बसली, की या बाई कामच देत नाहीत, साहेब, तुम्ही तरी सांगा त्यांना. तो हसला, तिच्या वहीत डोकावला, आणि अपूर्णांकातली एक चूक दाखवून निघून गेला.

तो गेल्यावर ती फुरंगटून म्हणाली, की हा चौदाचा नियम केला तरी कुणी? मी म्हटलं, कुणी केला ते मला ठाऊक नाही, पण आमच्या घरी तो फार उशिरा पोचला.

सवड काढून ये. वाट बघते.

तुझी
अक्का