लसूण दोन टक्के

झाशी,
रविवार, दुपार

प्रिय तनू,

फोन सोडून पत्र कशाला, आणि तेही मराठीत, म्हणून तू कपाळाला आठ्या घालशील. तुला बोललेलं मराठी सगळं समजतं, पण वाचताना तू एकेका जोडाक्षरापाशी अडतेस. आज तू अडत अडतच वाचावंस असं मला वाटतंय. फोनवर तू ‘हां मम्मी, बोलो’ म्हणतेस आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू होते.

इकडे थंडी पडली आहे. स्वेटर उन्हात टाकलेत. कॉलनीच्या कोपऱ्यावरचं किराण्याचं दुकान आता बरंच मोठं झालंय, पण आतला काचेचा फ्रीजर तोच आहे आणि त्यात अजूनही गार्लिक ब्रेडची पाकिटं रचून ठेवलेली असतात. ती पाहिली की मला तू दहावीत होतीस ते दिवस आठवतात. बाबा कारखान्यातून येताना सदर बाजारातल्या बेकरीतून पहिल्यांदा गार्लिक ब्रेड घेऊन आले होते. घरभर लोण्याचा आणि लसणाचा वास सुटला. नाशिकहून इथे नोकरीला आलेला, भाकरीशिवाय न जेवणारा हा माणूस त्या दिवशी भाकरीला शिवलाही नाही. मग दर शनिवारी तेच. तुम्ही दोघं पाकिटातला शेवटचा तुकडा कोणी खायचा यावरून भांडायचात आणि दर वेळी बाबा मुद्दाम हरायचे.

पुढे त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरांनी मीठ-तूप कमी करायला सांगितलं. तेव्हापासून मी पाकिटांच्या पाठी वाचायला शिकले. समोर सोनेरी कणसं, हिरवीगार कोथिंबीर. पाठीमागे मैदा, पामतेल, आणि लसूण दोन टक्के. बाबा म्हणाले होते, “दोन टक्के? मग याला लसणाचा पाव का म्हणायचं, मैद्याचा म्हणा!” शंभर ग्रॅमला सतरा ग्रॅम चरबी, त्यातली निम्मी सॅच्युरेटेड. सोडियम पाचशे ऐंशी मिलिग्रॅम. सोडियम म्हणजे मीठ नव्हे, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं, हे तेव्हा कुठे मला समजलं. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या अख्ख्या पाकिटात जवळजवळ तीन ग्रॅम मीठ, आणि बाबांना दिवसभरात मिळून पाच. कंपनी मात्र एका सर्व्हिंगचा हिशेब देते, आणि सर्व्हिंग म्हणजे एक तुकडा. बाबा साळसूदपणे म्हणायचे, “मी कुठे काय खाल्लं, चार सर्व्हिंग फक्त.” मग मी घरीच करायला लागले. गव्हाचा ब्रेड, तव्यावर भाजलेला भरपूर लसूण, चमचाभर तेल, मिठाची नुसती चिमूट. बाबांनी पहिला घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, “मृदुला, फार छान झालंय. फक्त हा गार्लिक ब्रेड नाही.” तरी नऊ वर्षं त्यांनी तोच खाल्ला, कुरकुर न करता.

ते गेल्यावर मी त्या फ्रीजरकडे बघेनाशी झाले होते. डाळ-तांदूळ घ्यायचे आणि दुसऱ्या दाराने निघायचं. गेल्या वर्षी होळीच्या आधी एकदा तिथून जावं लागलं. एक उंच गृहस्थ पाकीट नाकाशी धरून उभे होते. म्हणाले, “बहनजी, चश्मा घर रह गया। ज़रा ये बारीक अक्षर पढ़ देंगी?” मी हिंदीतच वाचून दाखवू लागले, पण गुणाकार करताना तोंडातून निघालं, “पाचशे ऐंशी गुणिले अडीच... बापरे.” त्यांनी चमकून पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही मराठी?” माणूस हिशेब आपल्याच भाषेत करतो, नाही का! त्यांचं नाव जयंतराव. मानिक चौकाजवळच्या जुन्या मराठी घरातले, सात पिढ्या झाशीत. बँकेतून निवृत्त झालेले, पत्नीला जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचं पणजोबांच्या काळातलं मराठी ऐकून मला हसू आवरेना. त्या फ्रीजरला ते ‘बर्फाचं फडताळ’ म्हणत होते. नात येणार होती, तिला गार्लिक ब्रेड आवडतो, आणि रक्तदाब असताना आपल्याला त्यातला एखादा तुकडा चालेल का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. सगळं ऐकून त्यांनी पाकीट परत ठेवलं, मग पुन्हा उचललं आणि म्हणाले, “तिच्यासाठी घेतो. मी वास घेईन.”

त्यानंतर ते दुकानात भेटत राहिले. कधी सूपचं पाकीट पुढे करायचे, कधी बिस्किटांचं. चष्मा वरच्या खिशातच असायचा, हे मला चौथ्या-पाचव्या भेटीत दिसलं. तरी मी पाकिटं वाचून दाखवत राहिले.

पावसाळा संपल्यावर एकदा आम्ही बसने बरुआसागरला गेलो. तळं काठोकाठ भरलेलं होतं. मी डब्यात घरचा गार्लिक ब्रेड नेला होता, बाबांचा तो. जयंतरावांनी खाल्ला आणि विचारलं, “हा कोणासाठी करायला शिकलात?” मग मी बाबांबद्दल बोलत सुटले. त्यांचं घोरणं, कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणं, तुला सायकल शिकवताना स्वतःच नाल्यात पडणं. शेवटचे आठ दिवस दवाखान्यातले. तुझ्याशीही ते मी कधी बोलले नव्हते, तुला त्रास होईल म्हणून. परतीच्या बसची वेळ झाली तरी मी बोलतच होते. जयंतरावांनी एकदाही विषय बदलला नाही, की ‘आता हे विसरायला हवं’ म्हणाले नाहीत. बस गेली. पुढच्या बसने आलो. घरी येऊन मी बाबांच्या फोटोसमोर बसले आणि मला अपराधी वाटेल म्हणून वाट पाहिली. नाही वाटलं. भूक लागली होती, खिचडी टाकली.

मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस की मागे कोण खोकतंय, आणि मी टीव्ही म्हटलं. टीव्ही नव्हता, तनू.

पुढच्या महिन्यात आम्ही कचेरीत जाऊन लग्न नोंदवतो आहोत. साक्षीदार तीन लागतात. त्यांचा मुलगा आणि सून येतील. तिसरी सही माझ्याकडची हवी. मी परवानगी मागत नाहीये. मागितली असती तर तू दिली असतीस, आणि मग ती जन्मभर ‘दिलेली’ राहिली असती. बाबांशी लग्न झालं तेव्हा माझ्याकडून चाळीस माणसं टेम्पोत बसून आली होती. आता माझ्याकडची म्हणावी अशी तू एकटी उरली आहेस. राग आला तर तो फोनवर काढू नकोस, इथे येऊन समोर काढ. रडू आलं तर आपण दोघी रडू. पण त्या दिवशी माझ्या बाजूला उभी राहा.

कोणाचीही झाले तरी आधी तुझीच,
आई