इंजिनाचं नाक

सोमवार, जेवणं आटोपल्यावर

माझ्या भिंगरीला आजीचा गालावरून हात फिरवून आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. अक्षर बघून हसायचं तेवढं हसून घे आणि मग वाच.

तर आज सगळ्यात आधी आलं कोण, सांग बघू? भंगारवाला! माझी अजून वेणी व्हायची होती आणि हा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा, हातात केळी. मी म्हटलं, "काय रे, वजनकाटा कुठे विसरलास?" तर म्हणतो, "आजी, मी आजोबांना बघायला आलोय." बघायला! बसला खाटेशी, पण डोळे सारखे खिडकीबाहेर, धक्क्याला बांधलेल्या आजोबांच्या लाँचवर. त्याच्यामागून समोरची शिंपीण आली, गळ्यात टेप तशीच लोंबत. मग मिस्त्री आला, मग नर्सबाई. घर कसं भरून गेलं! कप पुरेनात. शिंपीण म्हणाली, "मला वाटीत द्या, मी काय पाहुणी आहे?" आणि फुंकर मारून मारून वाटीतून चहा प्यायली. मला बाई, माणसं आली की फार बरं वाटतं.

आजोबांना बघायला का, असं तू विचारशील. सांगते. त्याआधी माझा पराक्रम ऐक. तुझ्या आजीने लाँचचं इंजिन चालू केलं! हो, मीच! जिला साधा गॅसचा लायटर पेटवता येत नाही म्हणून तू चिडवायचीस, तिने.

पंधरा दिवस झाले, त्या दिवशी सकाळी लाँच चालू होईना. नदी फुगलेली, होडी घालायला कुणी तयार नाही, आणि रस्त्याने जायचं तर पुलापर्यंतच अर्धा दिवस. तू तिकडे मोठमोठ्या ट्रकांची इंजिनं उघडतेस, म्हणून मिस्त्रीने काय काय केलं ते नीट सांगते. काही चुकलं तर माझ्या नजरेचा दोष.

आधी त्याने बटण दाबलं. इंजिन घर्रर्र करून फिरत होतं, पण पकडत नव्हतं. म्हणाला, "बॅटरी चांगली आहे." मग टाकीत काठी घालून पाहिली, डिझेल भरपूर. मग कुठलासा नट सैल केला, फेस आला, तो पंप मारत बसला, फेस जाऊन डिझेलची नुसती धार लागली. नट आवळला. पुन्हा बटण. घर्रर्र, घर्रर्र, आणि काही नाही. मग वरच्या बारीक नळ्या एकेक सैल करून पाहिल्या, तिथेही डिझेल उडत होतं. "आजी, तेल वरपर्यंत पोचतंय, मग ही पेटत का नाही?" मला विचारतो! घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी हात पुसून हळूच म्हणाला, "आतून दम गेला असेल तर मग उघडावीच लागेल." उघडायला किती वेळ, हे विचारायची मला छाती झाली नाही. आता बॅटरीही दमायला लागली होती. दर वेळी आवाज आधीपेक्षा जड.

आजोबा कुठे होते म्हणशील. आजोबा लाँचमध्येच होते गं. बाकावर, आडवे.

सकाळी त्यांच्या हातातून कप निसटला. मी ओरडले त्यांच्यावर, नवी चटई होती. वर पाहिलं तर तोंड एका बाजूला गेलेलं, आणि बोलायला जातात तर नुसता घरघर आवाज. नर्सबाई धावत आली, म्हणाली, अर्धांगाचा झटका आहे, पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता. सगळ्यांनी उचलून लाँचमध्ये आणलं. आणि ती, जन्मभर त्यांच्या एका बोटावर चालू होणारी, हटून बसली.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. काय सांगू तुला, पलीकडचा काठ समोर दिसत होता, दवाखान्याची पांढरी भिंतसुद्धा दिसत होती. हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटत होतं. मनात म्हटलं, चालू हो गं बाई, तुझ्या पाया पडते. इंजिनाच्या पाया पडायची वेळ आली माझ्यावर!

तेवढ्यात आजोबांनी चांगला हात वर केला आणि स्वतःचं नाक चिमटीत धरलं. नर्सबाई घाबरली, "श्वास अडकतोय!" म्हणून गुंड्या सोडल्या, वारा घालायला लागली. आजोबांनी तिचा हात झटकला. पुन्हा नाक धरलं, आणि पाठोपाठ खालच्या फळीवर मूठ आपटली. डोळे माझ्यावर रोखलेले, जसे रागावले की रोखतात तसे.

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. तुला आठवतं ना, लाँच बांधून आले की ते माझं नाक धरायचे? "तिचं नाक बंद करून आलो, आता तुझं करू का? घोरतेस फार." एकदा उंदराने हवेच्या नळीत घर केलं होतं, तेव्हापासून रोज संध्याकाळी तिथे चिंधीचा बोळा आणि सकाळी तो काढायचा. त्या सकाळी काढायला ते गेलेच नव्हते.

मी ओरडले, "मिस्त्री, नाक! तिचं नाक बघ!"

"हवेची नळी ना? बघितली आजी, मोकळी आहे."

"आत हात घाल! पार आत!"

कारण तू हसलीस ना त्या बोळ्याला, तेव्हापासून ते तो वर दिसू देत नव्हते. आत ढकलून ठेवायचे. कुणी पुन्हा हसायला नको म्हणून. मिस्त्रीला हे कसं ठाऊक असणार? त्याने तार वाकवून आत घातली, ओढली, आणि बाहेर काय आलं माहीत आहे? तुझ्या जुन्या चौकड्याच्या शर्टाची बाही. गुंडीसकट. तू गेलीस तेव्हा खुंटीवर राहिला होता तो.

पुढच्या बटणाला तिला ठसका आला, काळा धूर सोडला, आणि धडधडायला लागली. सगळे ओरडले. मी हसत होते की रडत, मलाच कळेना.

आता घरी आणलंय त्यांना. उजवा हात उठत नाही, शब्द येत नाहीत. दवाखान्यात म्हणाले, थोडं लवकर आणलं असतं तर... ते असू दे. पण त्यांनी ते ऐकलं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून निजतात, लाँचकडे बघतसुद्धा नाहीत. बाही तेवढी डाव्या मुठीत असते. धुवायला मागितली तर देत नाहीत.

तू म्हणाली होतीस, एक दिवस हा बोळा काढायचं राहून जाईल आणि नको त्या वेळी अडाल. ते म्हणाले होते, मला शिकवतेस? मग तू त्यांच्या इंजिनाला भंगार म्हणालीस, आणि पुढे दोघांनीही तोंडं शिवून घेतली. मी मधल्यामधे.

आज भंगारवाल्याने चहा संपवून हळूच विचारलं, "आजोबा, नेऊ का मग इंजिन?" त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच हलली, मला कळलं नाही. भंगारवाल्याला कळलं.

मिस्त्री म्हणाला, "चांगलं इंजिन आहे हो, पण मी माझं काम सोडून रोज फेऱ्या कशा मारू? ते चालवणारी एकच आहे." आणि माझ्याकडे न बघता कप विसळायला गेला. धक्क्यावर लोक सकाळी येऊन उभे राहतात आणि परत जातात. काल एक बाई तापलेलं मूल कडेवर घेऊन उभी होती. मी खिडकी लावून घेतली.

मी तुला ये म्हणणार नव्हते. तू मोठी झालीस, तुझं काम आहे. पण भिंगरे, त्यांना बोलता येत नाही गं, तेव्हा चुकलं म्हणायचं असलं तरी ते म्हणणार कसे? तू येऊन नुसती लाँच चालू कर. आवाज ऐकून ते या कुशीवर वळतात का, मला बघायचंय. ये गं.

तुझीच,
कप पुसत बसलेली आजी

नर्सबाई सुई द्यायला बुधवारी येणार आहे. भंगारवाला माणसं आणि साखळदंड घेऊन गुरुवारी सकाळी येतो म्हणालाय.